बाउजी

ब्राझीलमधल्या साओ पाउलोत पोचून मला चार तासही झाले नव्हते. भाचीच्या इमारतीत तळमजल्यावर लिफ्टचं दार मी हाताने अडवून धरलं होतं, कारण मागून एक बाई येताना दिसल्या. पन्नाशीच्या असाव्यात. निळा गणवेश, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, एका हातात फरशी पुसायचा दांडा आणि दुसऱ्या हातात पाण्याने अर्धी भरलेली बादली. मी मानेनेच ‘या’ म्हटलं. त्या हसल्या, नकारार्थी मान हलवली आणि बादली जरा वर उचलून काहीतरी बोलल्या. त्यातला एकच शब्द माझ्या कानात अडकला. बाउजी. मला ऐकू आलं ‘भाऊजी’. मुंबईहून निघून, आदिस अबाबाच्या विमानतळावर पेंगत, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून इथवर यावं आणि पहिल्याच दिवशी एका अनोळखी बाईने मला भाऊजी म्हणावं! मी हसले, त्याही हसल्या, दार मिटलं, मी वर आले.

भाचीला हे सांगितलं तर ती ओट्याला टेकून हसतच सुटली. मग फ्रिजवरच्या कागदावर तिने एक शब्द लिहिला आणि म्हणाली, “लिहायचं ‘बाल्दे’, पण ही माणसं शेवटच्या ‘दे’चा ‘जी’ करतात आणि मधल्या ‘ल’चा ‘उ’. म्हणून बाउजी. अगं मावशी, बादली!” माझी झोपच उडाली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून शब्दांच्या मागे लागणं हा माझा एकमेव छंद आहे, आणि इथे तर शब्द आपण होऊन दारात उभे होते. खालच्या दरवानाने तासाभरापूर्वी हातात किल्ली देताना ‘शावी’ म्हटलं होतं, ती आपली चावी. इथली भाषा पोर्तुगीज, आणि पोर्तुगीज लोक आपल्याकडे उतरले तेव्हा तेसुद्धा तो शब्द ‘च’नेच म्हणत असत. पुढे त्यांच्याकडे ‘च’चा ‘श’ झाला आणि जुना उच्चार आपल्या कमरेच्या जुडग्यात तसाच राहिला. पाव, बताता, काजू, पगार, लिलाव. पगार म्हणजे त्यांच्याकडे नुसतं ‘पैसे देणं’. कोबी म्हणजे ‘कोवी’, फक्त त्यांची ती पानांची भाजी, गड्डा नाही. फ्रिजवरचा कागद रात्रीपर्यंत भरला.

त्या आनंदात मी जेवले, झोपले आणि पहाटे तीनला टक्क जागी झाले.

घरी तेव्हा साडेअकरा वाजले असणार, पोस्टमन येऊन गेला असेल. अंधारात छताकडे बघत दिवसभरातल्या गोष्टी परत परत उलगडत होते, आणि तेव्हा लक्षात आलं की त्या बाई लिफ्टमध्ये आल्याच नव्हत्या. दार मिटताना त्या वळून डावीकडच्या बोळातून मागे गेल्या होत्या. मी दोन मजले चढेपर्यंत ‘भाऊजी’वर हसत होते.

त्या पहाटेनंतर मी अठरा दिवस त्या शहरात होते, आणि पुण्याला परत आल्यावर लोक विचारतात, कसं आहे गं शहर, तेव्हा मी आधी नदीबद्दल सांगते. विमानतळावरून येताना रस्ता कितीतरी वेळ तिएते नदीच्या कडेने जातो. दोन्ही काठांना गाड्यांच्या रांगा, मध्ये काँक्रीटच्या पन्हाळीत अडकवलेलं काळपट पाणी, आणि काच बंद असूनही आत येणारा तो वास. पुण्यात संगम पुलावरून उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला त्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. पण ही नदी समुद्रापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवरच्या डोंगरात उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून हजारावर किलोमीटर देशाच्या आत वाहत जाते. भाची हे मोठं नवल म्हणून सांगत होती. मी म्हटलं, त्यात काय, आपली कृष्णा तेच करते. सगळा भूगोलच ओळखीचा निघाला. शहर साडेसातशे मीटर उंचीवर, खाली सांतोसचं बंदर, मध्ये धुक्याने भरलेला हिरवागार घाट. त्या घाटातून इंग्रज कंपनीने १८६७ मध्ये कॉफीसाठी रेल्वे नेली. बोरघाटातून आपली गाडी त्याच्या चार वर्षं आधीच गेली होती. हे मी भाचीला उगाचच सुनावलं. परदेशात गेलं की माणसाला अशी कुठलीही गोष्ट आपली म्हणून पुढे करायची हुक्की येते.

मग काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. काय ते कळेना. रस्ते मोठे, इमारती एकमेकींना खांदा लावून उभ्या, सिग्नलला पाणी आणि चार्जर विकणारी पोरं, सगळं असूनही शहर उघडंबोडकं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. होर्डिंग नव्हती. एकही नाही. २००७ पासून महापालिकेने रस्त्यावरच्या जाहिराती बंद केल्या आहेत, दुकानांच्या पाट्यांनासुद्धा मापाची मर्यादा. मी ज्या चौकातून भाजी आणायला जाते तिथे गेल्या आठवड्यात कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सोनेरी गॉगल लावलेले बावीस जण होते, मी मोजले होते. एक कोटी चौदा लाखांच्या शहरात एकाही भावी नगरसेवकाचा चेहरा दिसू नये! डोळ्यांना इतकी विश्रांती मिळाली की थोडं चुकल्याचुकल्यासारखंही झालं. अर्थात भिंती मोकळ्या नाहीत. दहाव्या-बाराव्या मजल्यापर्यंत काळ्या रंगात उंच, काटकुळी, टोकदार अक्षरं लिहिलेली. रात्री जीव धोक्यात घालून, एकमेकांच्या खांद्यावर चढून पोरं ती लिहितात. ‘पिशासांव’ म्हणतात त्याला. भाचीलाही ती अक्षरं वाचता येत नाहीत, तिथल्या बहुतेकांना येत नाहीत. ज्यांच्यासाठी लिहिलेली असतात त्यांना येतात.

चौथ्या दिवशी एकटी बाहेर पडले. पाउलिस्ता नावाचा तो मोठा रस्ता, पावणेतीन किलोमीटर सरळ, कडेला बँका आणि मध्येच लाल खांबांवर अधांतरी ठेवलेलं कलासंग्रहालय. दोन टोकांना आधार आणि मध्ये ७४ मीटर नुसती सावली. लिना बो बार्दी या बाईंनी ते बांधलं, १९६८ मध्ये उघडलं. त्या सावलीत उभं राहून मी फोन काढला, तेवढ्यात एका म्हातारीने माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड आणि हलका, बोटांना लसणाचा वास. ती काहीतरी पुटपुटली आणि माझा फोन माझ्याच पिशवीत सारून, पिशवीची चेन स्वतः ओढून, पिशवी पोटाशी धरायला लावून निघून गेली. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी हेच केलं, एक तर शाळकरी मुलगा होता. पहिल्यांदा गहिवरून आलं. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा वाटलं, आपल्या शहराबद्दल परक्या बाईला असं सांगताना यांना कसं वाटत असेल? माझी आजी वेंगुर्ल्याहून मुंबईला यायची तेव्हा दादर स्टेशनवर उतरायच्या आधी पाटल्या पदराखाली सारायची, आणि तिला तसं करायला सांगणारी माणसं मुंबईचीच असत.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगणं मला जमणार नाही. कोपऱ्यावरची ‘पादारिया’ म्हणजे बेकरी, चहाचं हॉटेल आणि पारावरची बैठक, तिन्ही एकत्र. सकाळी काउंटरपाशी उंच स्टुलावर बसायचं आणि ‘पांव ना शापा’ मागायचा. पाव मधोमध कापून, लोणी लावून तव्यावर दाबून भाजतात, कडा कुरकुरीत होईपर्यंत. पांवातला अनुस्वार नाकात म्हणावा लागतो, मग देणारा हसतो. दुपारी वजनावर जेवण. ताट घ्यायचं, भात, काळा घेवडा, कोवी, तळलेली केळी हवं ते वाढून घ्यायचं आणि ताट तागडीवर ठेवायचं. पहिल्या दिवशी काट्यावर माझं ताट सहाशे ग्रॅम भरलं. मागे रांग होती. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भुकेचा आकडा लोकांसमोर पाहिला आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून वाढणाऱ्या सगळ्या काकवा डोळ्यांसमोर आल्या.

गुरुवारी भाचीच्या गल्लीत आठवडी बाजार भरतो. ‘फेइरा’. पहाटे लोखंडी सांगाडे ठोकल्याचा आवाज येतो आणि सातपर्यंत गल्लीला ताडपत्रीचं छप्पर चढलेलं असतं. टोकाला एका गाडीवर उसाचा रस, शेजारी मोठ्या कढईत तळलेले पातळ, फुगलेले ‘पास्तेल’. रसात लिंबू पिळलेलं, फक्त आलं नाही आणि घुंगरू नाही. भाजीवाले ओरडत होते, त्यातलं एक भाचीने सांगितलं: देखण्या मुलीला फुकट, पण नेऊ देणार नाही! तो हे मला बघून ओरडला असा माझा आग्रह आहे.

तिथेच एका पाटीवर काजू होते. बोंडं, लाल आणि पिवळी, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये सहा-सहा मांडून वर पारदर्शक कागद ताणलेला. मी कागदाला नाक लावलं. मे महिना, वेंगुर्ल्याचं खळं, बोंडांचा सडा आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या. आजी बिया पिळून काढायची आणि बोंडं ढोरांपुढे टाकायची, आम्ही त्यातलीच चोरून चोखायचो. घसा खवखवायचा, फ्रॉकवर पडलेला डाग कधीच जायचा नाही. “काजीचो डाग आनी मान्साचो सबद,” एवढंच म्हणून ती वाक्य अर्धवट सोडायची. ते आमचं सगळं कोकण इथे प्लॅस्टिकखाली गुदमरत पडलं होतं. विक्रेत्याने कौतुकाने एक फोड कापून दिली आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, हे फक्त ब्राझीलमध्ये. वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्याचं निम्मं खरं होतं. झाड त्यांच्याच ईशान्य किनाऱ्यावरचं, नावसुद्धा तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतलं. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात गोव्यात आणलं. त्याच्या शेजारच्या पाटीवर मात्र फणस होता, ‘जाका’, आणि तोही त्याच्या मते खास ब्राझीलचाच. तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. खुणांनी, भाचीला मध्ये घालून मी त्याला सांगितलं की जहाज परत येताना हा आमच्याकडून उचलला, नाव मलबारातलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग माझ्या पिशवीत एक काजू जास्तीचा टाकला. हिशोब चुकता केल्यासारखा.

शनिवारी लूझ स्टेशनवर गेलो. घड्याळाचा मनोरा असलेलं विटांचं देखणं स्टेशन आहे, १९०१ सालचं, आणि त्याच इमारतीत पोर्तुगीज भाषेचं संग्रहालय आहे. भाषेचं! २०१५ मध्ये ते आगीत जळलं, सहा वर्षांनी पुन्हा उघडलं. एका अंधाऱ्या दालनात बाकांवर बसवतात आणि छतावरून, भिंतींवरून शब्द वाहायला लागतात, कोणी कविता म्हणतं, कोणी गातं. मला अर्थ कळत नव्हता, तरी मी माझे शब्द टिपत बसले होते, पक्षी बघणाऱ्यासारखी. एक ‘शावी’ गेली. एक ‘काजू’ बहुधा. बाहेर आलो तेव्हा पाऊस नुकता पडून गेला होता आणि स्टेशनच्या भिंतीला लागून राखाडी ब्लँकेटं गुंडाळून माणसं झोपली होती. सगळ्यांची ब्लँकेटं एकाच रंगाची, बहुधा एकाच ठिकाणी वाटलेली. एका ब्लँकेटातून फक्त तळवा बाहेर आला होता, ओला, गुलाबी. भाचीने माझा दंड धरला आणि चालण्याचा वेग वाढवला. मुंबईत मीही तिचा दंड असाच धरला आहे, ती लहान असताना.

लिफ्टचं एव्हाना माझ्या डोक्यातून गेलं नव्हतंच. त्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. पुढची आरशाची, लाकडी कडांची, तिला ‘सोसियाल’ म्हणतात. मागची पत्र्याची, भिंतींना जाड गोधडीसारखं कापड टांगलेली, ती ‘सेर्व्हिसू’. घरालाही दोन दारं. एक दिवाणखान्यात उघडतं, दुसरं स्वयंपाकघरात. स्वयंपाकघराला लागून एक खोली, खाट टाकली तर उभं राहायला जागा उरणार नाही एवढी, खिडकीच्या नावाने वर एक झरोका. भाचीने तिथे सुटकेसा, इस्त्रीचं टेबल आणि फुटकी सायकल ठेवली आहे. सत्तरच्या दशकातल्या त्या सगळ्या इमारतींत ती खोली असते, घरी राहणाऱ्या कामवालीची. आणि पुढच्या लिफ्टच्या दाराशी एक पाटी आहे. मी ती तीन-चार दिवस आगीची सूचना समजत होते. भाचीने वाचून दाखवली. वंश, लिंग, रंग, मूळ, सामाजिक स्थिती, वय यांवरून कोणालाही या इमारतीच्या लिफ्ट वापरताना भेदभाव केल्यास दंड होईल. १९९६ च्या महापालिकेच्या कायद्याने ही पाटी लावावी लागते.

“मग त्या आल्या का नाहीत?” मी विचारलं.

“बादली होती ना हातात. ओलं, जड असलं की मागची लिफ्ट, नियम आहे तसा. मीही सायकल मागूनच नेते.”

“आणि बादली नसती तर?”

ती फोनमध्ये बघत होती. “मावशी, सहा वर्षांत मी त्यांना पुढच्या लिफ्टमध्ये पाहिलेलं नाही,” ती म्हणाली. “कोणी अडवत नाही.”

वीस नोव्हेंबरला सुट्टी होती. झुंबी नावाच्या, पळून आलेल्या गुलामांच्या वस्तीच्या पुढाऱ्याला १६९५ मध्ये त्या दिवशी मारलं होतं. या देशात अमेरिका खंडातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त गुलाम आफ्रिकेतून आणले गेले आणि गुलामगिरी सगळ्यांत शेवटी, १८८८ मध्ये, संपली. कार्यालयं बंद होती. पाउलिस्तावर ढोल होते, पांढऱ्या कपड्यांतल्या बायका होत्या, मक्याची कणसं उकडल्याचा वास होता. मी तासभर ठेका धरून उभी राहिले. परत आले तेव्हा इमारतीची पायरी ओली होती आणि त्यावर पिवळा ‘घसराल’चा त्रिकोण उभा होता. त्या दिवशीही कोणीतरी पुसून गेलं होतं.

या सगळ्यात मला रागवायला कोणी सापडत नव्हतं, हीच पंचाईत होती. आमच्या पुण्याच्या सोसायटीतही दोन लिफ्ट आहेत. तीन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत कोणीतरी तक्रार केली की सकाळी ऑफिसच्या वेळेला लिफ्टमध्ये कचऱ्याच्या पिशव्यांचा वास येतो, आणि कामवाल्या बायकांनी मोठी लिफ्ट वापरावी असा ठराव आला. बाजूने हात वर करा म्हटल्यावर मीही केला. चहा थंड होत होता. आमच्याकडे येणाऱ्या मावशी, हो, त्यांनाही मी मावशीच म्हणते, दुसऱ्या दिवशीपासून मोठ्या लिफ्टने यायला लागल्या. मला कधी काही म्हणाल्या नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी माझ्या दोन बॅगा आणि भाचीने लादलेला कॉफीचा खोका बघून दरवानाने मागची लिफ्ट दाखवली. भाची गाडी बोलवायला खाली गेली होती. दार उघडलं तर आत त्या बाई. निळा गणवेश, दांडा, बादली. त्यांनी बादली पायाने कोपऱ्यात सरकवून बॅगांना जागा केली. आत फिनेलचा आणि शिजवलेल्या घेवड्याचा वास होता. मी बादलीकडे बोट दाखवून म्हटलं, “बाउजी.” मग स्वतःकडे बोट दाखवून, “इंडिया. बादली.” त्यांच्या भुवया वर गेल्या. “बाद्-ली,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते इतकं गमतीचं वाटलं की त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. खाली आल्यावर त्यांनी पायाने दार अडवून धरलं, मी नको नको म्हणत असताना जड बॅग त्यांनीच उचलली आणि गाडीपर्यंत नेली. मी पाकिटात हात घातला. त्यांनी माझा हात पाकिटासकट मिटवला, गालाला गाल लावला आणि आत गेल्या.

पुण्यात पहाटे चारला पोचले. वॉचमनने बॅगा बघितल्या आणि न विचारताच मोठ्या लिफ्टचं बटण दाबलं. “सामान हाये ना काकू.” त्या लिफ्टमध्ये मी सहसा जात नाही. पंखा बंद होता, कोपऱ्यात फुटलेल्या नारळाची करवंटी पडली होती. समोरच्या पत्र्यावर ती नोटीस, प्लॅस्टिकमध्ये घालून चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवलेली. ‘सोसायटीतील घरकामगार भगिनींनी कृपया याच लिफ्टचा वापर करावा.’ मसुदा तयार करायचं काम समितीने माझ्याकडेच दिलं होतं, माझं मराठी चांगलं म्हणून. आधीच्या कच्च्या कागदावर ‘मोलकरणींनी’ असं होतं. ‘भगिनींनी’ मी केलं. सगळ्यांना फार आवडलं होतं.